श्रीवर्धनच्या देशमुखाची शिष्टाई

पेशवाई म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पहिल्या बाजीरावांचा घोडा उभा राहतो. त्यामागोमाग पानिपत येते, माधवरावांचा अकाली मृत्यू येतो आणि शेवटी शनिवारवाड्यावर चढलेले इंग्रजांचे निशाण येते. या साऱ्याच्या आधी एक माणूस होऊन गेला, याची आठवण आपल्याला होते ती वंशावळ सांगण्यापुरती. आमच्या शाळेच्या पुस्तकात बाळाजी विश्वनाथ भट यांच्या वाट्याला जेमतेम अर्धे पान होते. त्यांनी शाहू महाराजांचे आसन स्थिर केले आणि दिल्लीहून सनदा आणल्या, ही दोन वाक्ये आम्ही घोकली आणि परीक्षेत उतरवली. त्या सनदा कोणी दिल्या, का दिल्या आणि कशाच्या मोबदल्यात दिल्या, हे वर्गात कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही.

बाळाजीपंतांचे चरित्र पहिल्या पराक्रमी पेशव्याच्या वडिलांचे म्हणून वाचण्यापेक्षा एका मुत्सद्द्याचे म्हणून वाचावे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. रणांगणावर त्यांचे नाव फारसे गाजले नाही. ते घोड्यावर बसण्यातही वाकबगार नव्हते, अशी एक गोष्ट जुन्या इतिहासांत येते. ती खरी असो वा रचलेली, तिच्यामुळे त्यांच्या कर्तृत्वाला उणेपणा येत नाही. त्यांचे सारे मोठे विजय बोलण्यांतून आलेले आहेत. समोरच्याला कशाची भीती आहे आणि कशाची गरज आहे हे आधी ओळखायचे, मग आपली मागणी त्या गरजेशी बांधून टाकायची, ही त्यांची रीत होती. परदेशात नेमलेला आजचा राजदूतही याहून वेगळे काय करतो?

आपल्या भाषेत तेव्हा राजदूताला वकील म्हणत. शिवकाळात हेजीब हा शब्दही चाले. आज वकील म्हटले की काळा कोट आठवतो, पण अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत वकील म्हणजे परक्या दरबारात आपल्या धन्याच्या वतीने राहणारा, बोलणारा, ऐकणारा आणि रोजची खबर लिहून पाठवणारा माणूस. आजच्या राजदूताच्या पाठीशी १९६१ सालचा व्हिएन्ना करार असतो. त्याला अटक करता येत नाही, त्याच्या कचेरीत शिरता येत नाही. स्वतंत्र होऊ घातलेल्या भारताने १९४६ मध्ये परराष्ट्र सेवा उभी केली, तेव्हापासून या कामाला परीक्षा आहे, प्रशिक्षण आहे, बढती आहे, निवृत्तिवेतनही आहे. बाळाजीपंतांच्या काळी यातले काहीच नव्हते. समोरच्याने दिलेला शब्द आणि मागे उभी असलेली फौज, एवढेच काय ते संरक्षण. त्यातला शब्द किती टिकतो याचा अनुभव त्यांना पुढे यायचाच होता.

श्रीवर्धन हे रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडचे गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या मधून जाणाऱ्या अरुंद वाटा आणि वाड्या संपल्या की लांबलचक पुळण. इथल्या रोठा सुपारीला देशभर भाव आहे. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने या वाड्या झोपवल्या. पोफळ लावल्यावर ती धरायला कित्येक वर्षे लागतात, त्यामुळे तो घाव अजून पुरता भरलेला नाही. गावात लक्ष्मीनारायणाचे जुने देऊळ आहे, बाळाजी विश्वनाथांचे स्मारक आहे, आणि दक्षिणेला थोड्या अंतरावर हरिहरेश्वर. सतराव्या शतकात हा मुलूख जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखाली होता आणि श्रीवर्धनची देशमुखी पिढ्यान् पिढ्या भटांच्या घरी होती.

या देशमुखी घरात १६६० च्या सुमारास बाळाजींचा जन्म झाला. किनाऱ्यावरचा देशमुख म्हणजे दोन दगडांवर पाय ठेवून उभा असलेला माणूस. सारा वसूल करून द्यायचा तो सिद्दीला. पण घाटावर शिवाजी महाराजांचे राज्य उभे राहत होते, समुद्रावर पुढे आंगऱ्यांची गलबते फिरू लागली होती, आणि रयतेची, नातलगांची, सावकारांची ये-जा दोन्हीकडे चालू होती. कोणाशी किती बोलावे आणि कोणते बोलणे कोणाच्या कानावर जाऊ देऊ नये, हे अशा घरातल्या मुलाला वेगळे शिकवावे लागत नाही.

ते जमेनासे झाले तेव्हा घर सुटले. मराठ्यांशी संधान असल्याच्या संशयावरून सिद्दीने भटांच्या मागे ससेमिरा लावला, बाळाजींच्या भावाचा त्यात जीव गेला, आणि बाळाजी कुटुंबासह सावित्रीची खाडी ओलांडून वेळासला भानूंच्या आश्रयाला गेले, असे परंपरा सांगते. वेळास आज रत्नागिरी जिल्ह्यात आहे. बागमांडल्याहून तरीत बसले की पलीकडे वेसवी, आणि तिथून वेळास. भानू बंधूंनी नुसता आसरा दिला नाही, ते बाळाजींबरोबर घाट चढून देशावर आले. पुढे या कुटुंबाकडे पेशव्यांची फडणिशी आली आणि त्याच घरात नाना फडणीस जन्मले. दोन्ही घराण्यांची गाठ पडली ती अशी संकटात.

बाळाजींच्या सुरुवातीच्या नोकऱ्या सगळ्या हिशेबाच्या आहेत. चिपळूणकडच्या मिठागरांवर त्यांनी कारकुनी केल्याचे सांगतात. नंतर रामचंद्रपंत अमात्यांच्या कारभारात आणि सेनापती धनाजी जाधवांच्या पदरी ते मुलकी कामावर होते. १६९९ च्या सुमारास ते पुणे प्रांताचे सरसुभेदार झाले आणि पुढे दौलताबादकडचे. औरंगजेब स्वतः दख्खनेत तळ ठोकून बसलेला, गावे उजाड, एकाच गावाकडून मोगलही वसूल मागतात आणि मराठेही. अशा काळात सारा वसूल करणे म्हणजे अर्धी शिष्टाईच होती. कोणत्या परगण्यातून किती येते, कागदावर किती आणि प्रत्यक्षात किती, हे त्यांना बोटांवर माहीत झाले. दिल्लीत त्यांनी जे मागितले, त्यामागे ही वीस-पंचवीस वर्षांची उमेदवारी होती.

१७०७ मध्ये औरंगजेब वारला. त्याच्या छावणीत सतरा-अठरा वर्षे कैदेत वाढलेल्या शाहूंना आझमशहाने मे महिन्यात सोडून दिले. हेतू उघड होता. ताराबाईंच्या हाती राज्य होते, त्यात दुसरा वारसदार गेला की मराठे आपसांत झुंजतील. शाहूंच्या मातोश्री येसूबाई मात्र मोगलांच्या ताब्यातच राहिल्या. शाहू दक्षिणेत आले, तेव्हा हे खरे शाहू नव्हेतच, तोतया आहे, असे ताराबाईंकडून सांगितले गेले. सेनापती धनाजी जाधव फौज घेऊन त्यांच्यावर निघाले. खेडच्या रणात ऑक्टोबर १७०७ मध्ये धनाजी ऐन वेळी शाहूंना मिळाले आणि पारडे फिरले. धनाजींची खात्री पटवण्यात बाळाजींचा हात होता, असे इतिहासकार मानतात. धनाजींची अडचण लढाईची नव्हती, मनाची होती. ज्यांच्या घराण्यासाठी आयुष्यभर लढलो त्यांच्याच नातवावर शस्त्र उचलतो आहोत की एका भोंदूवर, हे त्यांना कळत नव्हते. बाळाजींनी त्यांचा तो संशय फेडला.

१७०८ च्या जानेवारीत साताऱ्याला शाहूंचा राज्याभिषेक झाला, पण राज्य हाती नव्हते. त्याच वर्षी धनाजी वारले. त्यांचे चिरंजीव चंद्रसेन यांचे आणि बाळाजींचे जमले नाही. प्रकरण इतके विकोपाला गेले की बाळाजींना जीव घेऊन पुरंदरकडे आणि तिथून पांडवगडावर पळावे लागले. चंद्रसेन आधी ताराबाईंना आणि मग मोगलांना मिळाले. शाहूंनी बाळाजींना सेनाकर्ते हा किताब दिला. हातात फौज नव्हती, ती सावकारांकडून कर्ज काढून जमवायची होती, म्हणून किताबही तसाच.

याच धामधुमीतली दमाजी थोराताची गोष्ट बखरकारांनी रंगवून सांगितली आहे. पाटस-हिंगणगाव भागात हा बंडखोर सरदार गढी बांधून होता. त्याने बेलभंडार उचलून शपथ घेतली, त्या शपथेवर विसंबून बाळाजी बोलण्यास गेले आणि त्याने त्यांना कैद केले. बेल म्हणजे झाडाचे पान आणि भंडार म्हणजे हळद, ती तर आम्ही रोज खातो, असे म्हणून त्याने शपथ झटकली, असा बखरींचा आशय आहे. शाहूंना पैसे मोजून त्यांना सोडवावे लागले. गोष्टीतला तपशील बाजूला ठेवला तरी मुद्दा राहतोच. ज्याला आपली गरज उरलेली नाही त्याच्या शपथेला किंमत नसते. यानंतर बाळाजींनी केलेले दोन मोठे तह पाहिले, तर दोहोंतही समोरच्याची गरज शपथेपेक्षा पक्की असल्याचे दिसते.

पहिला तह कान्होजी आंगऱ्यांशी. १७१३ मध्ये कान्होजी कोल्हापूरच्या पक्षाला होते. त्यांच्यावर गेलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे त्यांच्या कैदेत पडले, लोहगड-राजमाची त्यांच्याकडे गेली, साताऱ्यालाच धोका उभा राहिला. शाहूंनी बाळाजींना पाठवायचे ठरवले आणि त्याआधी नोव्हेंबर १७१३ मध्ये पुण्याजवळच्या मांजरी येथे त्यांना पेशवेपदाची वस्त्रे दिली. ज्याच्या हाती निर्णयाचा अधिकार नाही त्याच्याशी कान्होजींसारखा माणूस बोलणार नाही, हे यामागचे शहाणपण. आजच्या भाषेत, त्यांना पूर्ण अधिकारपत्र देऊन पाठवले गेले.

लोणावळ्याच्या परिसरात दोघे भेटले. दोघेही कोकणचे, दोघांनाही ब्रह्मेंद्रस्वामींविषयी आदर, दोघांनाही सिद्दी पुरता ठाऊक. बाळाजींनी ओळखले की कान्होजींची खरी काळजी कोल्हापूर-सातारा ही नाहीच. त्यांच्यासमोर समुद्रावर सिद्दी, पोर्तुगीज आणि मुंबईचे इंग्रज असे तीन शत्रू आहेत. पाठीमागचा घाट जर वैऱ्याच्या हाती राहिला तर कुलाब्याचा किल्ला फार दिवस टिकणार नाही. मग तहाची कलमे तशीच ठरली. कान्होजींनी कोल्हापूरचा पक्ष सोडावा, बहिरोपंतांना मोकळे करावे, राजमाचीखेरीज जिंकलेले घाटावरचे किल्ले परत द्यावेत. शाहूंनी त्यांची सरखेली कायम करावी, दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी त्यांच्याकडे ठेवावीत. १७१४ च्या आरंभी हा तह पुरा झाला. पाठोपाठ दोघांनी मिळून सिद्दीवर दाब आणला आणि पुढल्या वर्षी त्यालाही सलूख करावा लागला.

या तहाची कसोटी १७२१ मध्ये लागली. इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी एकत्र येऊन कुलाब्यावर चाल केली, तेव्हा घाटावरून शाहूंची फौज कान्होजींच्या मदतीला उतरली आणि तो डाव फसला. तह करणारा पेशवा तोवर हयात नव्हता, पण तह हयात होता.

दुसरी शिष्टाई दिल्लीची. बादशहा होता फर्रुखसियर. त्याला गादीवर बसवले होते सय्यद बंधूंनी. थोरला अब्दुल्लाखान वजीर, धाकटा हुसेनअली मीरबक्षी. बादशहाला हे दोघे जड झाले होते आणि त्या दोघांना बादशहाचा भरवसा उरला नव्हता. १७१५ मध्ये हुसेनअली दख्खनचा सुभेदार होऊन आला, तेव्हा बादशहानेच दक्षिणेतल्या सरदारांना आणि शाहूंनाही गुप्तपणे कळवले की त्याला दाद देऊ नका. दोन-तीन वर्षे मराठ्यांशी झगडून हुसेनअलीच्या ध्यानात आले की इथे मराठे आणि तिथे बादशहा, अशा दोन आघाड्या आपल्याला झेपणार नाहीत.

मध्यस्थ मिळाला तोही विलक्षण. शंकराजी मल्हार हे राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत जिंजीला सचिवपदावर होते. ते पुढे काशीला गेले आणि तिथून सय्यदांच्या पदरी आले. दोन्ही दरबारांच्या रीतीभाती जाणणारा हा माणूस मधे पडला आणि १७१८ च्या उन्हाळा-पावसाळ्यात बोलणी होऊन ऑगस्टच्या सुमारास मसुदा ठरला.

त्या मसुद्यातली कलमे सावकाश वाचण्यासारखी आहेत. शिवाजी महाराजांचे स्वराज्य किल्ल्यांसह शाहूंकडे असावे. खानदेश, वऱ्हाड, गोंडवन, हैदराबाद आणि कर्नाटक या भागांत मराठ्यांनी नव्याने मिळवलेला मुलूख त्यांच्याकडे राहावा. दख्खनच्या सहाही सुभ्यांची चौथाई आणि सरदेशमुखी शाहूंनी घ्यावी. चौथाईच्या बदल्यात पंधरा हजार घोडदळ सुभेदाराच्या मदतीला द्यावे, सरदेशमुखीच्या बदल्यात चोर-लुटारूंचा बंदोबस्त करावा. बादशहाला वर्षाला दहा लाख रुपये खंडणी द्यावी. कोल्हापूरच्या संभाजीराजांना उपद्रव देऊ नये. आणि शेवटचे, शाहूंच्या मातोश्री व कैदेतली इतर मंडळी दिल्लीहून परत पाठवावीत.

यावर एक आक्षेप तेव्हापासून आजपर्यंत घेतला जातो. शिवाजी महाराजांनी स्वतःच्या नावे छत्र धरले, त्यांच्या नातवाने मोगलांची सनद का मागावी आणि खंडणी का कबूल करावी? आक्षेप हलका नाही. सार्वभौम राजा आणि बादशहाचा सरदेशमुख यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे, आणि ते बाळाजीपंतांना कळत नव्हते असे मानणे म्हणजे त्यांना अडाणी ठरवणे होय. माझ्या समजुतीप्रमाणे त्यांनी मानाच्या रकान्यात थोडे सोडले आणि हक्काच्या रकान्यात पुष्कळ घेतले. त्या काळी बंगालपासून हैदराबादपर्यंत जो तो प्रत्यक्षात स्वतंत्र होत होता, पण कारभार चालवत होता बादशहाच्या नावाने. सावकार कर्ज देताना, जमीनदार सारा भरताना, गावचा पाटील कौल घेताना सनद पाहत असे. ज्याला मोगलांचा अंमलदार लूट म्हणत होता, तीच वसुली सनदेनंतर कायदेशीर देणे ठरणार होती. आयुष्यभर वसूलबाकीचे कागद हाताळलेल्या माणसाला या फरकाची किंमत ठाऊक होती. पण दिलेली किंमतही खरी होती. पुढली पन्नास-साठ वर्षे मराठे दिल्लीच्या तख्ताला हलवू शकत होते, राखू शकत होते, परंतु त्यावर बसण्याचा विचार त्यांनी क्वचितच केला. त्याचे एक मूळ या कागदात आहे.

बादशहाने मसुदा मंजूर केला नाही. मग हुसेनअलीने फौज घेऊन दिल्ली गाठायचे ठरवले. कारण सांगायला हवे होते, म्हणून औरंगजेबाच्या बंडखोर मुलाचा, शहाजादा अकबराचा, एक मुलगा मराठ्यांनी स्वाधीन केला आहे आणि त्याला घेऊन येत आहोत, अशी हूल उठवण्यात आली. पडद्याच्या अंबारीत बसवलेल्या त्या शहाजाद्याला नंतर कोणी विचारले नाही. १७१८ च्या अखेरीस फौज निघाली. तीत पंधरा-सोळा हजार मराठे होते. बाळाजी विश्वनाथ, खंडेराव दाभाडे, संताजी भोसले, वेळासच्या भानूंपैकी बाळाजी महादेव, आणि अठरा वर्षांचा बाजीराव. दिल्ली किती आतून पोखरली आहे, हे त्या मुलाने याच प्रवासात स्वतः पाहिले.

फेब्रुवारी १७१९ च्या मध्यास फौज दिल्लीला पोचली. २८ फेब्रुवारीला लाल किल्ल्यात सय्यदांनी फर्रुखसियरला पदच्युत केले. त्याच दिवशी शहरात अफवा पसरल्या, मराठा स्वार रस्त्यांत अडकले आणि जमावाने त्यांच्यावर हल्ला चढवला. दीड ते दोन हजार माणसे मारली गेली. संताजी भोसले पडले, बाळाजी महादेव भानूही पडले. शिष्टाईचा इतिहास वाचताना आपण तहाची कलमे मोजतो, ही माणसे मोजत नाही. ती ना लढाईत मेली, ना स्वतःच्या भांडणात. परक्या दरबारातल्या सत्तांतराच्या दिवशी, अनोळखी शहराच्या गल्ल्यांत मेली. श्रीवर्धनहून पळताना ज्या घराने बाळाजींना आसरा दिला होता, त्या घरातला एक पुरुष या सनदांच्या पायी गेला. हा हिशेब बाळाजीपंतांच्या मनात कधी मिटला असेल असे मला वाटत नाही.

नवा बादशहा रफीउद्दरजात याच्या नावाने मार्च महिन्यात चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा झाल्या. याच फर्रुखसियरच्या दरबारात ईस्ट इंडिया कंपनीचे जॉन सर्मन आणि त्यांचे सहकारी १७१५ ते १७१७ अशी दोन वर्षे नजराणे देत, अर्ज करत आणि वाट पाहत बसले होते, तेव्हा कुठे त्यांना व्यापाराच्या सवलतींचे फर्मान मिळाले. बाळाजीपंतांचे काम दिल्लीत पोचल्यापासून पाच आठवड्यांत झाले. सर्मनजवळ नजराण्यांचे गाडे होते. बाळाजींजवळ मीरबक्षीला हवी असलेली फौज होती आणि दक्षिणेतच ठरलेला मसुदा होता. सनदा हाती पडताच बाळाजींनी दिल्लीत मुक्काम लांबवला नाही. मार्च संपण्यापूर्वी ते परत फिरले. जे सरकार एका दिवसात उलटते ते पुन्हाही उलटेल, याची जाण त्यात दिसते.

त्यांच्याबरोबर येसूबाई होत्या. १६८९ च्या नोव्हेंबरात रायगड पडला तेव्हा त्या लहान शाहूंसह मोगलांच्या हाती लागल्या होत्या. शाहू सुटल्यावर बारा वर्षे त्या मुलाच्या वागणुकीला ओलीस म्हणून राहिल्या. जवळजवळ तीस वर्षांनी, १७१९ च्या पावसाळ्यात, त्या साताऱ्याला पोचल्या. चौथाई-सरदेशमुखीची कलमे इतिहासाच्या अभ्यासकांसाठी आहेत. शाहू महाराजांना त्या करारातले कोणते कलम सर्वांत मोलाचे वाटले असेल, हे सांगायला कागद लागत नाही.

कागद मिळाला की काम संपत नाही, सुरू होते. चौथाईची वाटणी बाळाजीपंतांनी घालून दिली. शंभरातले पंचवीस राजबाबती म्हणून छत्रपतींचे, सहा साहोत्रा म्हणून सचिवांकडे, तीन नाडगौडा म्हणून छत्रपतींच्या मर्जीप्रमाणे, आणि उरलेले सहासष्ट मोकासा म्हणून सरदारांना, त्यांनी ठेवायच्या फौजेसाठी. प्रत्येक सरदाराला मुलूख नेमून दिला, पण वसुलीचे हक्क एकमेकांत असे गुंतवले की कोणालाही एकट्याने सारे गिळता येऊ नये. ही गुंतागुंत काही काळ चालली. पुढे सरदार बलाढ्य झाले आणि सातारा दुबळा झाला, तेव्हा हीच वाटणी फुटीची वाट ठरली. राज्य वाढण्याचे आणि राज्य विस्कटण्याचे बीज एकाच व्यवस्थेत होते, हे मान्य केलेच पाहिजे.

दगदगीने थकलेले बाळाजीपंत सासवडला विश्रांतीसाठी गेले आणि तिथेच एप्रिल १७२० मध्ये वारले. पेशवेपद त्यांना मिळाले ते पन्नाशी उलटल्यावर, आणि ते लाभले जेमतेम साडेसहा वर्षे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात हुसेनअलीचा खून झाला. करार करणारी दोन्ही माणसे दोन वर्षांच्या आत नाहीशी झाली. निजामाने दख्खनेत आपले बस्तान बसवले आणि चौथाई शाहूंना द्यायची की कोल्हापूरकर संभाजीराजांना, अशी शंका काढून वसुली अडवली. तेव्हा १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावांना निजामाला कोंडीत धरावे लागले आणि मुंगी-शेवगावच्या तहाने सनदेतले हक्क पुन्हा कबूल करून घ्यावे लागले. पालखेडची मोहीम आपण युद्धशास्त्राचा नमुना म्हणून नावाजतो. ती मुळात वडिलांनी आणलेल्या कागदाची अंमलबजावणी होती.

दिल्लीच्या स्वारीने आणखी एक गोष्ट दिली. बाळाजींबरोबर गेलेले नाशिकचे महादेवभट हिंगणे यांच्याकडे दिल्लीची वकिली आली. हे या पेशव्यांच्या कारभारातले परदरबारी कायम राहणारे पहिले मोठे वकील म्हणावे लागतील. १७४४ मध्ये दिल्लीतच त्यांचा अंत झाला आणि काम त्यांच्या मुलांनी चालवले. त्यांच्या दप्तरातली पत्रे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाने छापली आहेत. बादशहाची तब्येत, वजिराची मर्जी, कोणाच्या घरी कोण गेले, हुंडी वटली की नाही, असा रोजचा मजकूर त्यांत आहे. हिंगण्यांवर पुढे स्वार्थाचे आरोपही झाले. तरी परक्या राजधानीत घर करून राहायचे, मान-अपमान गिळायचा आणि दिसेल ते लिहून धाडायचे, हा पेशा आपल्याकडे त्यांच्यापासून रुजला. उत्तर पेशवाईत हैदराबादच्या दरबारातले गोविंदराव काळे यांच्यासारखे वकील याच परंपरेतले.

एक गोष्ट मात्र बाळाजीपंतांना साधली नाही आणि त्यांच्या वंशजांनाही नाही. ज्या गावातून ते परागंदा झाले ते श्रीवर्धन सिद्दीकडेच राहिले. १७३३ पासून बाजीरावांनी आणि पुढे चिमाजीअप्पांनी सिद्दीशी झुंज घेतली, त्याचा बराच मुलूख गेला, पण जंजिरा पडला नाही. ज्यांच्या फौजा अटकेपर्यंत गेल्या त्यांचे मूळ गाव पेशवाई बुडाल्यानंतरही जंजिरा संस्थानात होते आणि १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले तेव्हाच ते मुंबई इलाख्यात आले. दिल्लीच्या मसुद्यात बाळाजीपंतांनी महाराजांची आई मागितली, सहा सुभ्यांचे हक्क मागितले, सरदारांसाठी मोकासे काढले. त्या कलमांत श्रीवर्धनच्या देशमुखीचे नाव नाही. वकिलाने धन्याच्या कामात आपले घर घालू नये, हा या पेशाचा जुना नियम आहे. तो त्यांना कोणी शिकवला नव्हता. त्यांनी तो पाळला, एवढे त्या कलमांवरून दिसते.